आयव्हन सदरलँड यांना आभासी वास्तवाचे जनक म्हणावे का?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या विज्ञान मंडळातल्या नववी-दहावीच्या मुलांपुढे मला आभासी वास्तवावर, म्हणजे व्हीआरवर, तासभर बोलायचं आहे. मुलांनी हेडसेट घालून पाहिलेले आहेत, त्यामुळे 'हे काय असतं' यात वेळ घालवायचा नाही. हे आलं कुठून, ते एका माणसाच्या आयुष्यातून सांगायचं ठरवलंय. तो माणूस म्हणजे आयव्हन सदरलँड.

थोडक्यात ओळख: जन्म १९३८, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात. १९६३ साली एमआयटीतून पीएचडी, मार्गदर्शक क्लॉड शॅनन. प्रबंध म्हणजे 'स्केचपॅड', पडद्यावर लाइट पेन टेकवून काँप्युटरशी थेट चित्रातून बोलता येतं हे दाखवणारा प्रोग्रॅम. १९६४ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा संस्थेत संगणन विभागाचे प्रमुख. १९६५ मध्ये एक छोटासा निबंध: काँप्युटरचा पडदा शेवटी कुठवर जाईल? त्यांचं उत्तर होतं, एक अख्खी खोली, जिच्यातली खुर्ची नुसती दिसणार नाही, तिच्यावर बसता येईल. आणि १९६८ मध्ये हार्वर्डला बॉब स्प्राउल आणि इतर विद्यार्थ्यांना घेऊन बनवलेला, डोक्यावर घालायचा त्रिमितीय डिस्प्ले.

इथवर सगळं सरळ आहे. अडचण पुढे येते. त्याच वर्षी ते युटा विद्यापीठात गेले, डेव्हिड इव्हान्स यांच्याबरोबर कंपनी काढली, १९७६ मध्ये कॅल्टेकला संगणकशास्त्र विभाग उभा केला, मग चिपच्या रचनेकडे वळले आणि तिथेच रमले. इतक्या लांबलचक कारकिर्दीत डोक्यावरच्या डिस्प्लेला मिळाली ती जेमतेम काही वर्षं. पाया खणून दुसऱ्या बांधकामावर निघून गेलेल्या माणसाला 'जनक' म्हणायचं का? मुलं हा प्रश्न विचारणारच, आणि मला पटलेलं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही काय म्हणाल?

शिसपेन्सिल

म्हणायचं. बिनदिक्कत.

इंजिनीअरिंगला काँप्युटर ग्राफिक्स शिकलेल्या प्रत्येकाने परीक्षेत 'कोहेन-सदरलँड' लिहिलेलं आहे. पडद्याभोवती नऊ चौकोन आखायचे, प्रत्येकाला चार बिटांचा कोड द्यायचा, रेषेच्या दोन्ही टोकांचे कोड ताडून कुठला तुकडा ठेवायचा आणि कुठला छाटायचा ते ठरवायचं. मी पाठ करून दहा मार्क मिळवले होते. हे कशासाठी लागतं, ते मात्र नोकरीत पाचएक वर्षं काढल्यावर त्यांचा १९६८चा शोधनिबंध वाचला तेव्हा कळलं.

विचार करा. साध्या पडद्यावर चित्र तुमच्या समोर असतं. डोक्यावर डिस्प्ले घातला की तुम्ही चित्राच्या आत असता. खोलीची एक भिंत समोर, एक पाठीमागे, आणि बाजूच्या भिंतीची रेषा तुमच्या पुढून निघून कानाजवळून मागे जाते. मागचा भाग छाटला नाही तर गणितात तो उलटा होऊन समोर येऊन आदळतो. म्हणजे छाटणी हा इथे जगण्यामरण्याचा प्रश्न आहे, आणि ती दर चित्राला, प्रत्येक रेषेसाठी, मान हलेल तशी नव्याने करायची. त्या काळच्या काँप्युटरला ते झेपणारं नव्हतं, म्हणून त्यांनी छाटणीसाठी आणि फिरवाफिरवीच्या गुणाकारांसाठी वेगळी यंत्रंच बांधली. सेकंदाला ३० चित्रं, प्रत्येकात ३००० पर्यंत रेषा. १९६८ साली! आजच्या ग्राफिक्स कार्डात जे चालतं त्याचा सांगाडा तिथे उभा आहे.

मुलांना हे जरूर सांगा, उंबरठाताई.

तिरपांगडा

असहमत. 'जनक' हा शब्द वर्तमानपत्रांना लागतो, मथळा चांगला होतो म्हणून. संशोधनाच्या इतिहासात तो जवळपास नेहमीच कुणावर तरी अन्याय करतो.

मॉर्टन हाइलिग नावाचे चित्रपट छायाचित्रकार होते. डोक्यावर घालायच्या त्रिमितीय दूरचित्रवाणी मुखवट्याचं पेटंट त्यांना १९६० मध्ये मिळालं. १९६२ मध्ये 'सेन्सोरामा' या यंत्राचं: त्रिमितीय चित्र, दोन्ही बाजूंनी आवाज, थरथरणारी खुर्ची, तोंडावर वारा आणि वाससुद्धा. पैसे कुणी लावले नाहीत म्हणून ते विस्मरणात गेले. त्यांना काय म्हणायचं? आणि 'व्हर्च्युअल रिॲलिटी' हे नाव ज्यांच्यामुळे जगभर पोचलं ते जॅरन लॅनियर, ज्यांच्या व्हीपीएल कंपनीने १९८० च्या दशकात हातमोजा आणि हेडसेट प्रत्यक्ष विकायला आणले, त्यांना काय म्हणायचं?

धागा चांगला आहे, वाद शब्दाशी आहे. हे आधीच सांगून ठेवतो.

गवताचं पातं

वाचतेय. छान चाललंय.

मेघमल्हार

तिरपांगडा, हाइलिग यांच्याबद्दल आदर आहेच, पण त्यांच्या यंत्रात मान वळवली तर चित्र वळत नव्हतं. चित्रफीत आधीच काढलेली. बघणारा तिथे असला काय आणि नसला काय, ती तशीच चालणार. सदरलँड यांच्या १९६८च्या शोधनिबंधाची मूळ कल्पना एका वाक्यात येते: बघणारा हलेल तसं बदलणारं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे धरायचं. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं देण्यापेक्षाही चित्राचं हे बदलणं जास्त महत्त्वाचं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. माझ्या मते व्हीआर इथे सुरू होतं.

आता एक दुरुस्ती, कारण भाषणात ही चूक हमखास होते. त्या अख्ख्या हेडसेटचं नाव 'डॅमोक्लिसची तलवार' होतं असं सगळीकडे लिहिलेलं सापडेल. ते टोपणनाव छतावरून खाली आलेल्या यांत्रिक दांड्याचं आहे. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, वरचं टोक छताला, खालचं डोक्यावरच्या पट्ट्याला, दोन्हीकडे सर्व दिशांना वळणारे सांधे. नळी किती लांबली आणि सांधे किती वळले यावरून डोकं कुठे आहे ते काँप्युटरला कळायचं. माणसाला फिरायला जागा मिळायची साधारण ६ फूट व्यासाची आणि ३ फूट उंचीची. ग्रीक गोष्टीतल्या डॅमोक्लिसच्या डोक्यावर तलवार टांगलेली असते, तसं इथे डोक्यावर सतत काहीतरी टांगलेलं, म्हणून तलवार. याला पर्याय म्हणून ध्वनिलहरींवर चालणारी दुसरी पद्धतही त्यांनी करून पाहिली होती, तिच्यात दांडा नव्हता.

मी बरीच वर्षं विमानाच्या सिम्युलेटरच्या देखभालीचं काम केलंय, त्यामुळे 'डोकं कुठे आहे आणि चित्र कुठे आहे' हा प्रश्न माझ्या रक्तात आहे. एक प्रसंग सांगतो. एका सिम्युलेटरची दुरुस्ती झाल्यावर चाचणीत सगळे दिवे हिरवे, सगळे आकडे मर्यादेत. मी सही केली. पहिलाच वैमानिक वीस मिनिटांत बाहेर आला तो पांढराफटक, कठड्याला धरून खाली बसला. अनुभवी माणूस, हजारो तास उडवलेला. तो एवढंच म्हणाला, "चित्र माझ्या मागून येतंय." आम्ही दोन रात्री मोजमाप करत बसलो. खालचा हलणारा तळ आणि समोरचं चित्र यांच्यात अगदी किंचित अंतर पडलं होतं. डोळ्याला ते दिसत नव्हतं, पण त्याच्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाने पकडलं होतं. तेव्हापासून मी आकड्यांआधी वैमानिकाचा चेहरा बघायला लागलो.

आजच्या हेडसेटमध्ये मान वळल्यापासून चित्र वळेपर्यंतचा वेळ साधारण २० मिलिसेकंदांच्या आत ठेवायची सगळ्यांची धडपड असते. सदरलँड यांच्याकडे सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे दोन चित्रांमध्येच ३३ मिलिसेकंद. भांडण तेच आहे, फक्त आकडे लहान होत गेलेत.

कुतूहल२१

मी कॉलेजला आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. १९६८ मध्ये त्या डिस्प्लेत नेमकं दिसायचं काय? आणि इतकं भारी काहीतरी हातात असताना त्यांनी ते सोडलं का?

शिसपेन्सिल

बाळबोध अजिबात नाही, दुसरा प्रश्न तर या धाग्याचा गाभा आहे.

पहिल्याचं उत्तर: नुसत्या प्रकाशाच्या रेषा. रंग नाही, भरीव पृष्ठभाग नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या पिक्चर ट्यूब, आणि डोळ्यांपुढे अर्धपारदर्शक आरसे. त्यामुळे खरी खोली दिसत राहायची आणि तिच्यावर या रेषा तरंगायच्या. आजच्या भाषेत ते ऑगमेंटेड रिॲलिटीच्या जास्त जवळ होतं. सायक्लोहेक्झेनचा रेणू हवेत लटकलेला दिसायचा आणि त्याच्याभोवती फिरता यायचं. आणि एक 'खोली' होती, नुसत्या कडांची. चार भिंतींवर चार दिशांची आद्याक्षरं, छताला आणि जमिनीला त्यांची अक्षरं. निबंधात लिहिलंय की बघणारे आपण त्या खोलीच्या आत आहोत या कल्पनेला बऱ्यापैकी लवकर सरावायचे आणि मान वळवून हवी ती भिंत बघायचे. सहा अक्षरं आणि बारा कडा, बस. तेवढ्यावर माणसाचं मन आत जाऊन बसलं!

सांजवात

मला व्हीआरमधलं काही कळत नाही, पण स्केचपॅडचं नाव वाचून थांबवेना. थोडं अवांतर.

मी नोकरीला लागले तेव्हा ड्राफ्ट्समन होते. (ड्राफ्ट्सवुमन कुणी म्हणत नसे.) ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि शाईचं पेन. चूक झाली की ब्लेडने शाई खरवडायची, आणि तीही अशा बेताने की कागदाला भोक पडता कामा नये. एका नकाशात चाळीस सारख्या खिडक्या असत. साहेबांनी खिडकीची चौकट बदलायला सांगितली की चाळीस वेळा खरवडायचं आणि चाळीस वेळा काढायचं. तेविसाव्या खिडकीला हात थरथरायला लागायचा, ते अजून आठवतं.

पुढे ऑफिसात काँप्युटर आले, आम्हाला शिकवायला एक मुलगा आला. त्याने एक खिडकी काढली, तिच्या चाळीस प्रती मांडल्या, मग मूळ खिडकीत एक रेघ बदलली आणि चाळीसच्या चाळीस बदलल्या. मी उठून बाहेर गेले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते आनंदाचं की गेलेल्या वर्षांचं, मला आजही सांगता येणार नाही. बऱ्याच वर्षांनी वाचलं की 'मूळ एक, प्रती अनेक' ही युक्ती सदरलँड यांच्या १९६३च्या प्रबंधात होती. 'या दोन रेषा समांतर कर' म्हटलं की वेड्यावाकड्या काढलेल्या रेषा आपसूक समांतर व्हायच्या, तीही तिथलीच.

जनक वगैरे तुम्ही ठरवा. माझ्यापुरते ते माझ्या ब्लेडची सुटका करणारे.

गवताचं पातं

सांजवातताई, तेविसावी खिडकी लक्षात राहील. यावर वेगळा धागा काढाच.

आडवाट

सांजवातताईंना अनुमोदन.

कुतूहल२१ च्या 'सोडलं का' या प्रश्नाकडे येतो. सोडलं असं म्हणताना एक गोष्ट विसरायला नको. ते यंत्र त्यांच्याबरोबर युटाला गेलं. तिथल्या विद्यार्थ्यांनी त्याला हातात धरायची छडी जोडली, म्हणजे दिसणाऱ्या रेषांना आता हात लावता येऊ लागला. आणि ज्या गोष्टीवाचून डिस्प्ले अडला होता, म्हणजे झटपट आणि खरीखुरी वाटणारी चित्रं, तिच्यावर युटात पुढची कैक वर्षं रान उठलं. इव्हान्स आणि सदरलँड यांच्या विभागातली नावं बघा: वक्र पृष्ठभाग गुळगुळीत दाखवणारे आंरी गूरो, पुढे पिक्सारचे सहसंस्थापक झालेले एड कॅटमल, अडोबीचे जॉन वॉर्नॉक, सिलिकॉन ग्राफिक्सचे जिम क्लार्क, ॲलन के. इतकी माणसं एका विभागातून येणं मला आजही अचंब्याचं वाटतं.

त्यातला एक किस्सा मुलांना फार आवडेल. १९७२ मध्ये खऱ्या वस्तूचं त्रिमितीय मॉडेल करायचं होतं. स्कॅनर नव्हते. सदरलँड यांच्या पत्नीची फोक्सवॅगन बीटल गाडी उभी केली, विद्यार्थ्यांनी तिच्या पत्र्यावर रेषा आखल्या, बिंदू ठरवले आणि मोजपट्ट्या घेऊन एकेक बिंदू हाताने मोजला. काही जण गाडीवर चढलेले, काही वाकलेले, असे फोटो उपलब्ध आहेत. काँप्युटर ग्राफिक्सच्या इतिहासातलं ते एक गाजलेलं मॉडेल, आणि त्याच्या मुळाशी लाकडी पट्टी!

तिरपांगडा

आडवाट, विद्यार्थ्यांची यादी वाचून मीही नमतं घेतो. गुरू म्हणून त्यांचं मोठेपण निर्विवाद आहे.

पण दोन मुद्दे राहतात. एक, टॉम फर्नेस. हे १९६६ पासून ओहायोतल्या राइट-पॅटरसन हवाई दलाच्या तळावर वैमानिकांच्या शिरस्त्राणातल्या डिस्प्लेवर काम करत होते. लढाऊ विमानात इतके काटे आणि बटणं झाली होती की वैमानिकाने बाहेर बघायचं की आत, हा प्रश्न होता. फर्नेस यांनी ती माहिती त्याच्या डोळ्यांपुढे आणली, आणि १९८० च्या दशकात 'सुपर कॉकपिट'पर्यंत मजल मारली. सदरलँड यांच्यासारखे ते बाहेर पडले नाहीत, चिकटून राहिले. १९८९ मध्ये सैन्याचं काम सोडून त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात 'हिट लॅब' काढली, तीही याच विषयासाठी. एका विषयाला आयुष्य देणारा माणूस मला जास्त मोठा वाटतो.

दोन, पैसा. हार्वर्डच्या त्या कामाला आर्पाचा पैसा होता, सीआयएचासुद्धा होता. फर्नेस यांच्या मागे हवाई दल. मुलांना एका प्रतिभावंताची गोष्ट सांगताना हे वगळू नका. युद्धाच्या तयारीतून हे जन्माला आलं, हे त्यांना कळायला हवं.

चाफेकळी

तिरपांगडा, दुसरा मुद्दा मान्य. पण जन्म कुठे झाला आणि ते पुढे कुणाच्या उपयोगाला आलं, या दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

मी परिचारिका आहे, भाजलेल्या रुग्णांच्या विभागात काम केलंय. ड्रेसिंग बदलणं म्हणजे काय असतं ते शब्दांत सांगत नाही. मोठी माणसं ट्रॉलीच्या चाकांचा आवाज ऐकूनच रडायला लागतात. फर्नेस यांच्या त्याच हिट लॅबमध्ये हंटर हॉफमन यांनी डेव्हिड पॅटरसन यांच्याबरोबर १९९० च्या दशकात भाजलेल्या रुग्णांसाठी एक बर्फाळ जग बनवलं. रुग्ण हेडसेट घालून बर्फाच्या दरीतून जातो, बर्फाचे गोळे फेकतो, आणि तेवढ्या वेळात इकडे जखम धुतली जाते. सिअ‍ॅटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात हे वापरलं गेलं आणि वेदना लक्षणीय कमी जाणवतात असं दिसलं. कारण वेदना जाणवायलाही लक्ष लागतं, आणि ते लक्ष दुसरीकडे गुंतलेलं असतं.

आमच्याकडे साधाच हेडसेट होता, समुद्राखालचं जग दाखवणारा. एक बारा-तेरा वर्षांची मुलगी होती, हात कोपरापर्यंत भाजलेला. पहिल्यांदा हेडसेट घातला तेव्हा मी पट्टी सोडवायला घेतली आणि ती ओरडायची वाट बघत थांबले. ती हळूच मान डावीकडे वळवत गेली, मग आणखी डावीकडे, मग मागे. म्हणाली, "माझ्या मागे पण आहे." मासा होता बहुतेक. औषधं चालू होतीच, दुखणं काही संपलं नव्हतं, मध्येच ती कळवळलीही. पण ती मान वळवत राहिली आणि आमचं ड्रेसिंग पार पडलं.

शिसपेन्सिल यांनी पाठीमागच्या भिंतीचं लिहिलं ते वाचताना मला तीच आठवली.

मेघमल्हार

चाफेकळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

झरोका

उशिरा आलो. मी चिप डिझाइनमध्ये आहे, म्हणून सदरलँड यांच्या 'दुसऱ्या बांधकामा'बद्दल लिहितो. धाग्यात त्याकडे कुणी वळलं नाही.

साध्या चिपमध्ये एक घड्याळ असतं. त्याच्या ठोक्यावर सगळे भाग एकदम पाऊल टाकतात, कवायतीसारखे. सर्वांत मंद भागाला झेपेल इतकाच वेग ठेवावा लागतो, आणि काम नसलं तरी ठोका चालूच. सदरलँड म्हणतात, घड्याळच काढा. विटा हातोहात पुढे देणाऱ्या माणसांची रांग डोळ्यांपुढे आणा: पुढच्याचे हात रिकामे झाले की मी वीट देतो, कुणी शिट्टी फुंकायची गरज नाही. संगणकशास्त्रातलं सर्वोच्च मानलं जाणारं ट्युरिंग पारितोषिक १९८८ साठी त्यांना मिळालं ते स्केचपॅड आणि ग्राफिक्समधल्या कामासाठी. पण पारितोषिकाच्या व्याख्यानात ते बोलले या विटांच्या रांगेवर, 'मायक्रोपाइपलाइन्स'वर! जग मागच्या कामासाठी टाळ्या वाजवत होतं आणि ते पुढचं काम घेऊन उभे. त्यानंतर सन मायक्रोसिस्टिम्स या काँप्युटर कंपनीच्या प्रयोगशाळेत आणि २००९ पासून पोर्टलंड स्टेट विद्यापीठात मार्ली रॉन्कन यांच्याबरोबर त्यांनी हाच विषय लावून धरला.

बिनघड्याळाच्या चिपने बाजार जिंकलेला नाही. आम्ही सगळे अजून घड्याळावरच चालतो. तरी ते दशकानुदशकं त्यात राहिले. त्यामुळे 'चिकटून न राहणारा माणूस' हे तिरपांगडा यांचं वर्णन मला पटत नाही. जे सोडलं ते सहज सुटलं म्हणून सोडलं नाही आणि जे धरलं ते फळ मिळालं म्हणून धरलं नाही.

धैर्यावर त्यांनी एक निबंधही लिहिलाय, तांत्रिक कामाला लागणाऱ्या धैर्यावर. नवीन काम सुरू करायची भीती वाटते, आपण चालढकल करतो, आणि ती भीती ओलांडायची तर कामातला आनंद तिच्यापेक्षा मोठा हवा, असा साधारण सूर आहे. कुतूहल२१, तू कॉलेजला आहेस, तू तरी वाचच.

कुतूहल२१

वाचायला घेतला सर. धन्यवाद. आमचे शिक्षक नेहमी 'स्कोप कुठे आहे ते बघा' म्हणतात. मी गेले वर्षभर तेवढंच बघत होतो.

आडवाट

धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाला माझ्यापरीने उत्तर देतो, फ्रेड ब्रुक्स यांच्यामार्फत. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या काँप्युटरांचा प्रकल्प सांभाळलेले हे ब्रुक्स. १९६५ मध्ये त्यांनी सदरलँड यांचं भाषण ऐकलं. मुद्दा असा होता की पडद्याकडे खिडकी म्हणून बघा, पलीकडे एक आभासी जग आहे, ते खरं दिसेल, खरं ऐकू येईल, खरं वागेल असं करणं हे आपलं काम. ब्रुक्स यांनी ते मनावर घेतलं आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात पुढची कित्येक दशकं तेच केलं. रेणू एकमेकांत बसवताना त्यांच्यातलं आकर्षण आणि प्रतिकर्षण हाताला जाणवेल असा यांत्रिक हात, आणि न बांधलेल्या इमारतीतून चालत जायची सोय. विभागाच्या स्वतःच्या नव्या इमारतीतून, सिटरसन हॉलमधून, ती बांधण्याआधीच ही मंडळी आभासी फेरफटका मारून आली. दर्शनी दालनातली एक आडभिंत अंगावर येते असं त्यांना जाणवलं, आणि वास्तुरचनाकारांना ते पटवून ती जागा बदलून घेतली. नकाशात ते दिसलं नव्हतं.

एका भाषणातून दुसऱ्या माणसाच्या आयुष्याचं काम उभं राहिलं. आता यात जनक कोण? मला वाटतं ताई, तो शब्दच घेऊ नका. त्यांनी काय केलं ते सांगा.

तिरपांगडा

आडवाट यांना अनुमोदन. झरोका यांच्या प्रतिसादानंतर 'चिकटून राहिले नाहीत' हे माझे शब्द मी मागे घेतो.

सांजवात

पण मग त्यांनी नेमकं काय केलं, ते एका वाक्यात कसं सांगायचं? मुलांच्या डोक्यात एकच गोष्ट राहते.

मेघमल्हार

सांजवातताई, माझ्याकडे आहे एक प्रसंग. उंबरठाताई, भाषणाची सुरुवात यानेच करा असा आग्रह.

बेल हेलिकॉप्टर कंपनीत एक प्रयोग चालला होता. रात्री खडबडीत जागी उतरताना वैमानिकाला दिसत नाही, म्हणून हेलिकॉप्टरच्या पोटाखाली अंधारात बघणारा कॅमेरा, आणि वैमानिकाच्या डोक्यावर त्याचा डिस्प्ले. वैमानिक मान वळवेल तिकडे कॅमेरा वळणार. चाचणीसाठी कॅमेरा इमारतीच्या गच्चीवर ठेवला, बघणारा माणूस खाली आत, खुर्चीत. गच्चीवर दोघे जण चेंडू झेलत होते. बघणारा मान इकडून तिकडे करत चेंडू बघतोय. मध्येच एकाने चेंडू थेट कॅमेऱ्यावर फेकला. खाली खोलीत, खुर्चीत सुरक्षित बसलेल्या माणसाने झटकन डोकं खाली घातलं.

सदरलँड यांनी हे पाहिलं आणि त्यांच्या मनात आलं: कॅमेरा काढून तिथे काँप्युटर बसवला तर? जी जागा कुठेच नाही तिथेही माणूस असाच डोकं खाली घालेल.

कॅमेऱ्याच्या जागी काँप्युटर. झालं तुमचं एक वाक्य.

गवताचं पातं

अंगावर काटा आला.

उंबरठा

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. 'जनक' हा शब्द काढून टाकलाय. सुरुवात गच्चीवरच्या चेंडूने. तेविसावी खिडकी घेणार आहे, सांजवातताई, तुमची परवानगी असेल तर. आणि चाफेकळी, तुमची ती मुलगीही, नाव-गाव काही न सांगता. पैसा कुठून आला ते तिरपांगडा यांच्या म्हणण्याप्रमाणे सांगणार.

मेघमल्हार यांनी लिहिलेलं एक मात्र मनातून जाईना: दोन डोळ्यांपेक्षा आपल्या हलण्याबरोबर चित्राचं बदलणं मोठं. हे हेडसेटशिवाय मुलांना दाखवता येईल का म्हणून काल तार वाकवून वीतभर घन केला, नुसत्या कडांचा. दोऱ्याने टांगला, वर्गातल्या एका मुलाला सात-आठ फुटांवर उभं केलं आणि एक डोळा मिटून बघायला सांगितलं. थोडा वेळ टक लावून पाहिलं की घन उलटतो, मागची बाजू पुढे आल्यासारखी वाटते. तो तसा उलटला की मुलाने हात वर करायचा आणि मग हळूहळू बाजूला सरकायचं, असं ठरलं होतं.

त्याने हात वर केला. एक पाऊल डावीकडे टाकलं आणि तिथेच थबकला. घन जागच्या जागी स्थिर लटकलेला, आम्ही सगळे बघत होतो. तो म्हणाला, "बाई, हा माझ्याबरोबर वळतोय!" मग अख्खा वर्ग रांगेत उभा राहिला.

शिसपेन्सिल

वा! तार किती जाड घेतली? मलाही करून बघायचाय.

उंबरठा

दोन मिलिमीटरची. आणि काळा रंग द्या, चमकली तर लगेच कळतं पुढची बाजू कुठली ते.